‘कान्तारेस’ : वाटेच्या प्रतिमेचा अर्थ

जीवन म्हणजे प्रवास ही कल्पना इतकी रुळलेली आहे, की तिच्यातील प्रतिमा आपल्याला दिसेनाशी झाली आहे. ती पुन्हा जिवंत कशी होते, हे ‘कान्तारेस’ या स्पॅनिश गीताच्या आधारे पाहू. जोआन मानुएल सेर्रात या कॅटलान गायकाने ते १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील बराचसा भाग आन्तोनिओ माचादो (१८७५-१९३९) या कवीच्या लघुकवितांतून घेतलेला असून उर्वरित भाग सेर्रातचा आहे.

माचादोचा वाटसरू तयार वाटेने जात नाही. त्याची पावले हीच त्याची वाट, आणि मागे वळून पाहिले तर दिसते ती पुन्हा कधीही न तुडवता येणारी. ‘स्वतःची वाट स्वतः निर्माण करा’ असा उत्साहवर्धक अर्थ येथे अनेकजण काढतात. तो अपुरा आहे. कारण कवितेच्या अखेरीस जमीनच नाहीशी होते आणि समुद्र येतो. उरतात त्या नौकेमागे पाण्यावर क्षणभर उमटणाऱ्या रेषा. मातीवरची पाऊलखूण काही काळ तरी टिकते, पाण्यावरची टिकत नाही. निर्मितीचा आनंद आणि नश्वरतेची जाणीव या एकाच प्रतिमेत एकवटल्या आहेत.

सेर्रातने जोडलेल्या कडव्यांत घरापासून दूर, शेजारच्या देशात मरण पावलेला कवी येतो. हा कवी म्हणजे स्वतः माचादो. प्रजासत्ताकाचा पक्ष घेतलेला हा कवी यादवी युद्धाच्या अखेरीस, जानेवारी १९३९ मध्ये, वृद्ध आईसह सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये गेला. कोलिऊर या गावी २२ फेब्रुवारीला त्याचे निधन झाले. तीन दिवसांनी आईही गेली. त्याची कबर तेथेच आहे.

काव्यगुणांच्या दृष्टीने ही कडवी मूळ ओळींहून उणी आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तथापि त्यांच्यामुळे अमूर्त वाटसरूला चेहरा मिळतो आणि परत न येण्याची वाट निर्वासिताची होते. १९६९ मध्ये स्पेनवर फ्रँकोचीच सत्ता होती, हे ध्यानात घेतल्यास या गीताचे धाडस लक्षात येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न : सेर्रातची कडवी वगळली, तर ‘परत न येणे’ याचा कोणता अर्थ शिल्लक राहतो? शंभर शब्दांत लिहा.