म्हातारपणाची उदासी : एलीयाकडून एक धडा

वाचन : १ राजे १९:१–१८



साकोली तालुक्यातील एका टोल्यावर आम्ही आरोग्यभेटीला जातो. तिथली एक गोंड आजी दर वेळी गुडघे दाखवायची. पुढे पोट दुखू लागले, मग डोके. गोळ्या बदलल्या, दुखणे तेच. एका चैत्रात सारा टोला मोहफुले वेचायला गेला होता आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी विचारले, "आजी, झोप लागते का?" ती म्हणाली, "कायची झोप बाई? बुढा गेला, पोरगा नागपूरले गेला. जेवाव वाटत नाही, करमत नाही."

दोन वर्षे मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. तिची चौकशी केलीच नव्हती.

वृद्ध माणूस "मी उदास आहे" असे क्वचितच म्हणतो. तो अंगदुखी, थकवा, अपचन सांगतो. आपण म्हणतो, "वय झाले." पण नैराश्य हा वयाचा भाग नाही, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

हा आजार शरीरालाही पोखरतो. भूक मेली की अंगातली ताकद जाते, तोल जातो, माणूस पडतो. झोप मोडली की दुखणे जास्त जाणवते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चुकू लागतात. हृदयविकाराचा धोका वाढतो. उलट बाजूही खरी आहे : लकवा, मधुमेह किंवा सततची वेदना यांमुळे नैराश्य येते. रक्त कमी असणे, थायरॉईडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी तपासणी हवी.

आता एलीयाकडे पाहू. कर्मेल डोंगरावर उभा राहिलेला हा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला "तुझा विश्वास कमी पडला" असे म्हणत नाही. आधी झोप देतो. देवदूत त्याला स्पर्श करतो, भाकर आणि पाणी देतो, तेही दोनदा. मग देव त्याला प्रश्न विचारतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतो. शेवटी सांगतो की तू एकटा नाहीस, आणि अलीशाची सोबत देतो. शरीर आधी, मग ऐकणे, मग सोबत. आपण मात्र पुष्कळदा उपदेशापासूनच सुरुवात करतो.

हा क्रम आजही उपयोगी पडतो. गोव्यात ६० वर्षांवरील १८१ जणांबरोबर एक अभ्यास झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना उदासीची सौम्य लक्षणे होती. निम्म्यांना साध्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी भेटून अडचणी सोडवायला, झोप सुधारायला आणि आपल्या आजारांची काळजी घ्यायला शिकवले. वर्षभरात त्यांच्यातील ४ जणांना नैराश्याचा आजार जडला. उरलेल्या निम्म्यांत १३ जणांना. ते कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. आपल्या मंडळीतील भगिनीही हे काम शिकू शकतात.

आपण काय करावे?

• दोन आठवड्यांहून अधिक काळ भूक, झोप, बोलणे कमी झाले असेल तर आरोग्य केंद्रात न्यावे.
• डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच बंद करू नयेत. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही.
• मरणाची भाषा निघाली तर एकटे सोडू नये. धानाच्या फवारणीचे औषध घरातून हलवावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.
• आठवड्यातून एकदा जाऊन सोबत जेवावे.

त्या आजीवर उपचार सुरू झाले. गुडघे अजून दुखतात, पण पुढच्या चैत्रात ती टोपली घेऊन मोहाखाली होती.

मनन : या महिन्यात उपासनेला न आलेले वृद्ध कोण? त्यांच्या दारी आपल्यापैकी कोण जाईल?