मुलींचें धर्मपदक आणि पथकाची पुढारीण
(अभ्यासासाठीं पाठ: 1 शमुवेल, अध्याय 3)

गर्ल गाइड मुलींचीं पथकें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. अमेरिकेंत अशा मुलींस गर्ल स्काउट म्हणतात. जूलिएट गॉर्डन लो ह्या बाईंनीं 12 मार्च 1912 रोजीं सव्हाना शहरीं 18 मुली जमवून तेथील पहिलें पथक उभें केलें. देवाची सेवा करण्याचें वचन त्यांच्या प्रतिज्ञेंत आहे. 1993 पासून मुलीस आपल्या विश्वासाप्रमाणें त्या ठिकाणीं दुसरा शब्द घेण्याची मोकळीक आहे. मात्र धर्माचें शिक्षण देणें हें पथकाचें काम नव्हे. तें ज्याच्या त्याच्या धर्ममंडळीकडे सोंपविलेलें आहे.

म्हणून रोमन कॅथॉलिक मुलींकरितां तेथील कॅथॉलिक तरुणसेवेच्या राष्ट्रीय संघानें वयाच्या पायरीप्रमाणें अभ्यासक्रम तयार केले. 5 ते 7 वर्षांच्या बालिकांसाठीं 'देव प्रीति आहे', त्यांहून मोठ्यांसाठीं 'देवाचें कुटुंब', पुढें 'मी आपला विश्वास आचरितें', नंतर 'मरिया, पहिली शिष्या', आणि थोरल्या मुलींसाठीं 'आत्मा जिवंत आहे', अशा अर्थाचीं त्यांचीं नांवें आहेत. अभ्यास पुरा करणाऱ्या मुलीस पदक मिळतें व तें गणवेशावर लावतां येतें.

ह्यांत पथकाच्या पुढारणीनें काय करावें? एलीकडे पाहा. बालक शमुवेल तीनदां धांवत आला. हांक कोणाची हें उमजतांच एलीनें त्यास आपल्याजवळ ठेवून घेतलें नाहीं. ऐकावें कसें तें सांगून परत पाठविलें.

पहिली गोष्ट: धर्मग्रामाच्या धर्मगुरूंस अगोदर विचारावें. सर्व धर्मप्रांतांचें मत एक नाहीं. कॅन्सस राज्यांतील कॅन्सस सिटीच्या आर्चबिशपांनीं 2017 सालीं गर्ल स्काउटांशीं असलेला संबंध सोडला. वडील माणसांच्या अशा वादांत मुलींचा अर्धा झालेला अभ्यास अडकूं नये.

दुसरी गोष्ट: घरच्यांस बाजूस सारूं नये. लहान मुलींचे पाठ आईबापांसह करावयाचे असतात. परक्याच्या मुलास ऐकावयास शिकविणाऱ्या एलीनें स्वतःच्या पुत्रांस आवरलें नाहीं, ही शोकाची गोष्ट ह्याच अध्यायांत आहे.

तिसरी गोष्ट: एकाच पथकांत कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी व इतर मुली असतात. इतर मंडळ्यांचींही अशीं पदकें आहेत. पुढारणीनें सर्वांच्या घरीं खबर द्यावी, पण कोणासही ओढूं नये. सर्वांच्या सभेचा वेळ एकीच्या धर्मपाठांत घालवूं नये; आणि जिला पदक नको तिला कमी लेखूं नये.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पदक केलेल्या अभ्यासाचें असतें, विश्वासाचें नव्हे. कृपा मोबदल्यानें मिळत नाहीं, आणि गणवेशावर टांचतांही येत नाहीं. लोकांनीं पाहावें म्हणून केलेल्या धर्मकृत्यांविषयीं प्रभूनें दिलेला इशारा (मत्तय, अध्याय 6) कॅथॉलिकांस आहे तसाच आपल्यासही आहे. आपल्या शब्बाथशाळांतही बक्षिसें वांटलीं जातात. बक्षिसानें मूल दारापर्यंत येतें. आंत बोलावणारा दुसरा आहे. एलीस हें ठाऊक होतें.

विचारासाठीं प्रश्न
1. एलीनें शमुवेलास परत कां पाठविलें?
2. बक्षीस न मिळालेल्या मुलाशीं आपली मंडळी कशी वागते?
3. आपल्या घरीं मुलांचा धर्मपाठ कोण घेतें?