नियुक्तीचा हुकूम आणि मान्यतेचा दिनांक

शिक्षकाच्या पेशात नव्याने पाऊल टाकणाऱ्या उमेदवारास जो कागद सर्वांत मोलाचा वाटतो, तो संस्थेच्या शिक्क्याचा नियुक्तीचा हुकूम होय. परंतु खासगी अनुदानित शाळेत त्या हुकुमास शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता मिळेपर्यंत वेतनाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य असते, आणि ती मान्यता देताना कारकून उमेदवाराची विद्वत्ता किंवा तळमळ न पाहता मुख्यतः दोन गोष्टी पाहतो, इयत्तांचा गट आणि अर्हतेचा दिनांक, हे मला सोलापूर जिल्हा परिषदेच्या इमारतीत जिने चढता-उतरता कळले.

पूर्वी हे प्रकरण सुबोध होते. माझ्या आजोबांच्या पिढीत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला मनुष्य शाळेवर रुजू होई, पुढे सवडीने ट्रेनिंग कॉलेजात जाऊन येई, आणि त्याच्या अर्हतेविषयी गावात कोणी शंका काढीत नसे. पुढे शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, त्याच्या कलम २३ अन्वये किमान अर्हता ठरविण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे गेला, आणि तिने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी असे दोन गट पाडून प्रत्येकास निराळे शिक्षण आणि पात्रता परीक्षेचा निराळा पेपर लावून दिला: पहिल्या गटास सर्वसाधारणतः पन्नास टक्क्यांची बारावी व दोन वर्षांची पदविका, दुसऱ्यास पदवी आणि तिच्या जोडीस पदविका किंवा बी.एड. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने ही परीक्षा नव्या नेमणुकांस सक्तीची केली, आणि राज्य परीक्षा परिषदेची पहिली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, १५ डिसेंबर २०१३ रोजी झाली. पेपर दीडशे गुणांचा, उत्तीर्णतेस नव्वद गुण, मागासवर्गीयांस पंचावन्न टक्के. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, ही त्यातली एकमेव दया.

त्या पहिल्याच परीक्षेत मी पेपर पहिला उत्तीर्ण झालो, डी.एड. आणि बी.ए. आधीच पदरी होती. जिल्ह्यातल्या एका संस्थेत सहावी ते आठवीची जागा रिकामी होती. सचिव म्हणाले, "गुरुजी, टीईटी झालीय ना? मग पेपर पहिला काय न् दुसरा काय! प्रस्ताव पाठवतो, मान्यता येईलच." प्रस्ताव गेला आणि त्रुटीसह परत आला, मात्र तो परत आल्याची वार्ता मला संस्थेकडून नव्हे, तर कार्यालयातल्या एका सहृदय कारकुनाकडून, तीही फार उशिरा, मिळाली. त्रुटी दोन होत्या. २ मे २०१२ पासून शासनाने भरती थांबविलेली असताना पदासाठी पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती. आणि सहावीच्या वर्गास पेपर दुसरा लागतो, जो मजपाशी नव्हता. मधल्या काळात मी हातखर्चावर शिकवीत होतो, मुले मला सर म्हणत होती, पटावर माझी सही होती, आणि शासनाच्या दफ्तरी मी कोणीच नव्हतो. पुढे पेपर दुसरा उत्तीर्ण झालो, २०१७ ची अभियोग्यता चाचणी दिली आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्गे एका जिल्हा परिषद शाळेवर सहा हजारांच्या मानधनाचा शिक्षणसेवक झालो. तेव्हा पूर्वीची सेवा ज्येष्ठतेत धरण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण मान्यता नसलेली सेवा ही सेवाच नव्हे.

म्हणून संस्थेचा हुकूम हाती घेण्यापूर्वी संकोच न करता विचारावे: या पदाचा समावेश शासनमान्य पदसंख्येत, म्हणजे संचमान्यतेत, आहे काय, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घेतली आहे काय, जागा कोणत्या गटाची आहे, आणि जाहिरात कोणत्या दिवशी कोणत्या वृत्तपत्रात आली. विचारणाऱ्यास संस्थाचालक उद्धट समजतात, समजोत. प्रस्ताव दाखल झाल्यावर आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. "साहेबांच्या टेबलावर आहे" या तोंडी उत्तरावर ज्यांनी वर्षे काढली अशी माणसे आमच्या जिल्ह्यात थोडी नाहीत. आणि आपली अर्हता नियुक्तीच्या तारखेस पूर्ण असली पाहिजे. निकाल पुढच्या महिन्यात लागणार आहे, हे समर्थन टिकत नाही.

सोलापूरकरांनी माध्यमाचीही खातरजमा करावी. शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू, आणि शाळा मराठी, असे आपले मिश्र जीवन. परंतु जाहिरातीत माध्यमाविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी आपले दहावी-बारावीचे व पदविकेचे दाखले जुळतात की नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी पाहिलेले बरे.

बी.एड. झालेल्या तरुणांची फसगत तर वेगळीच. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१८ च्या अधिसूचनेने त्यांना पहिली ते पाचवीचे दार उघडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते बंद केले. तेव्हा ज्याला लहान मुलांत रमायचे आहे त्याने पदविकाच घ्यावी, बी.एड. "वरची" आहे म्हणून खालच्या वर्गास आपोआप चालते, हा समज सोडावा. तसेच गुण वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीचा घोटाळा पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आणला, आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. काहींना तर शाळेत रुजू झाल्यानंतर ती भोगावी लागली.

आता सेवेत असलेल्या जुन्या गुरुजींविषयी. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे असा निर्णय दिला. ज्यांचा अवधी त्याहून कमी आहे ते निवृत्तीपर्यंत राहू शकतात, मात्र परीक्षेवाचून त्यांना पदोन्नती नाही. वीस-पंचवीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला बालमानसशास्त्रावरचे तीस प्रश्न सोडवायला बसविणे मला न्याय्य वाटत नाही, हे मी स्पष्ट लिहितो. तरीही माझ्या सहकाऱ्यांना मी सेवापुस्तक काढून जन्मतारखेवरून आपला अवधी मोजण्यास आणि कोणत्या गटाला शिकवतो ते पाहून त्याच पेपरचा अर्ज भरण्यास सांगतो. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविलेला आहे, आणि सोलापुरात अशा शाळा पुष्कळ आहेत. तेथील शिक्षकांनीही निकालाची वाट पाहत थांबू नये, कारण २०२१ पासून टीईटीचे प्रमाणपत्र आजीव ग्राह्य आहे, आणि आज मिळविलेले उद्या कालबाह्य होत नाही.