स्तंभालेख आणि आकाशातला स्फोट

"सर, आलेख कशाला काढायचा?" असं मुलांनी विचारलं की अ‍ॅस्ट्रोसॅटचं सांगा.

गॅमा किरण वातावरणातच अडतात. आपल्या बीडचं रात्रीचं आभाळ कितीही स्वच्छ असो, ते जमिनीवरून दिसायचे नाहीत. म्हणून दुर्बीण अंतराळात. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅस्ट्रोसॅट सोडला. त्यावरचं सीझेडटीआय उपकरण ६ ऑक्टोबरला सुरू झालं आणि त्याच दिवशी त्याला गॅमा किरणांचा स्फोट सापडला. गंमत म्हणजे उपकरणाचं तोंड तिकडं नव्हतंच! जास्त ऊर्जेचे किरण त्याच्या भिंतींतूनही आत शिरतात. ही माहिती पुण्यात आयुकामध्ये तपासली जाते.

सापडतो कसा? मोजून. पत्र्यावर थेंब टपटपत असावेत अन् मधेच सर यावी, तसं. फळ्यावर लिहा: सेकंदाला १०, १२, ११, ४८, ३०, १२ किरण. स्फोट कुठं, हे मुलंच दाखवतील.

उंचवटा दोन सेकंदांहून कमी टिकला तर बहुधा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर. जास्त टिकला तर बहुधा प्रचंड ताऱ्याचा शेवट. 'बहुधा' गाळू नका. डिसेंबर २०२१ मधला एक स्फोट जवळपास मिनिटभर चालला, तरी खुणा टकरीच्याच निघाल्या.