अंगणात आलेला सर्व्हे

गेल्या जूनमध्ये एक बाप माझ्या ओसरीवर येऊन बसला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पोरीच्या गुणपत्रिका आणि मोबाइलवर आलेल्या निवडपत्राची झेरॉक्स. पाणी प्यायला, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, पोरगी विकास शिकतो म्हणते. डॉक्टर समजते, मास्तर समजते, तलाठी समजते. हे शिकून ते काय होईन?"

आई-बाबांनो, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांचा आहे, म्हणून जरा मोकळेपणी बोलते. सार्वजनिक आरोग्य, सामाजिक धोरण, आंतरराष्ट्रीय विकास ही नावं ऐकली की वाटतं, हे दिल्ली-लंडनवाल्यांचं काम. नावं तिकडची असतील. पण त्यांतले कितीतरी धडे आपल्या वावरातूनच गेलेत.

आठवून बघा. २००५ मध्ये उच्च न्यायालयासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, शेतकरी आत्महत्यांचा अहवाल केला. २००६ मध्ये मुंबईच्याच इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा आला. त्याच वर्षी जुलैत यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या दिवसांत गावात गाडी आली की आधी पोरं धावायची. ओसरीवर सतरंजी पडायची, चहा व्हायचा आणि प्रश्न सुरू व्हायचे : बँकेचं किती, सावकाराचं किती, बियाणं कुणाकडून घेतलं, विहिरीला पाणी किती. आपण उत्तरं दिली. विचारणारी मुलंमुली त्याच कामाचा पगार घेत होती. तुमची पोरगी जे शिकायचं म्हणते ना, ते हेच. आणि त्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून ऐकणारी आपली पोरं मनातल्या मनात म्हणत होती, की बाबाने अर्धंच सांगितलं.

ते उरलेलं अर्धं ज्याला ठाऊक आहे, त्याने वही हातात घ्यावी, एवढंच मला म्हणायचं आहे.

त्या बापाच्या पोरीचंच सांगते. प्रवेशाच्या मुलाखतीत तिला २०१७ विषयी विचारलं. त्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. समोरचे विचारत होते, शेतकरी मास्क का लावत नाही? पोरगी म्हणाली, "सर, त्या साली पऱ्हाटी माझ्या बाबाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा खाली नाही, वर मारावा लागे आणि तो तोंडावरच यायचा. सप्टेंबरच्या उकाड्यात फडकं बांधलं की श्वास कोंडतो. आणि दोन औषधं एकत्र करून मारा, हे कृषी केंद्रवाल्याने सांगितलेलं. बाबाने चूक केली असं मला नाही वाटत." हे सांगताना बापाचा आवाज बारीक झाला. त्याला हे पोरीने घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता याच विषांबाबत जगात काय चाललंय ते बघा. एडिनबरा विद्यापीठात मायकेल एडलस्टन नावाचे विषविज्ञानाचे डॉक्टर आहेत. त्यांची कित्येक वर्षं श्रीलंकेतल्या खेड्यांत, कीटकनाशक प्यालेल्या रुग्णांवर उपचार आणि अभ्यास करण्यात गेली. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली. वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घटलं आणि शेतीचं उत्पादनही घसरलं नाही. कुणीतरी बसून हे मोजलं, कुठलं औषध किती जीव घेतं याचा हिशेब मांडला, म्हणून पुढची बंदी घालायला सरकारच्या हातात आधार आला. आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पाच कीटकनाशकांवर बंदी आली, ती साठ दिवसांची! तेवढ्यात हंगाम सरतो. असली बंदी कागदावरच शोभते, असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबचं राहू द्या. सुनेचं बाळंतपण झालं की आशाताई वजनकाटा घेऊन घरी येते ना? दवाखान्यातून घरी आलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा वेळा. ही पद्धत आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत जन्मली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, परत आले आणि १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळाची तपासणी शिकवली. तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला आणि २०११ पासून देशभर आशाताईंच्या पिशवीत तो वजनकाटा आला.

तुम्ही म्हणाल, ती डॉक्टर माणसं, आपलं पोट्टं बी.ए. मग राजू केंद्रेंचं ऐका. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचा शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला शिकलेला. मुक्त विद्यापीठाची पदवी, मग टिसच्या तुळजापूर केंद्रात ग्रामविकास. यवतमाळात राहून २०१७ मध्ये त्यांनी 'एकलव्य' ही संस्था सुरू केली आणि खेड्यातल्या, घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचणाऱ्या मुलांना मोठ्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा, निबंध, मुलाखती यांची तयारी करून द्यायला लागले. २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन ते स्वतः लंडनच्या 'सोआस' विद्यापीठात शिकायला गेले. पोराने तुम्हाला 'बाहेरचं सगळं श्रीमंतांचं' असं म्हणताना ऐकलं, तर हे नाव तोच तुम्हाला सांगेल.

पैशाचं बोलू. लपवत नाही. पहिली नोकरी बहुधा संस्थेत, कंत्राटावर, एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी. पगार इंजिनिअरएवढा नाही. प्रकल्प संपला की नवा शोधायचा. जागतिक बँक, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना इथे पगार चांगला, पण तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि काही वर्षांचा अनुभव मागतात. आणि तिथेही सगळं आलबेल नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडला, तेव्हा जगभर अशा माणसांच्या नोकऱ्या गेल्या. मुलीचं असेल तर 'स्थळाला काय सांगायचं' हा प्रश्नही येतो. सांगा, सरकारी योजना गावात का पोचत नाही ते शोधते. पाव्हण्याला लगेच कळेल, कारण त्याच्याही गावात ती पोचलेली नसते.

वाटा पुष्कळ आहेत. समाजकार्याची पदवी यवतमाळातच सावित्री ज्योतिराव महाविद्यालयात होते. गणित-संख्याशास्त्र चांगलं असेल तर मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथूनच चालतं. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला बहुतेक ठिकाणी एमबीबीएस लागत नाही. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरची परिस्थिती बघून फी माफ होते.

इंग्रजीचा अडसर आहे, खरा आहे. पहिलं वर्ष पोरगं रडून फोन करेल. तेव्हा "ये परत" म्हणू नका.

एक कबुली देते. २००८ च्या सुमाराला माझ्याच एका विद्यार्थ्याला तुळजापूरला जायचं होतं. मी म्हटलं, "कशाला वेड्यासारखं? डी.एड. कर, मास्तर हो." ऐकलं बिचाऱ्याने. पुढे शिक्षकभरतीच थांबली. आज तो कृषी केंद्रात हिशेब लिहितो. भेटला की पाया पडतो आणि मला मान वर करवत नाही.

त्या बापाने शेवटी एकच विचारलं, "जेवणाचं काय करतीन तिकडे?" वसतिगृहात मेस असते म्हटल्यावर पिशवीची गाठ मारली आणि चारची एसटी गाठायला निघाला. फाटकाशी मी त्याला थांबवलं आणि जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मागासवर्गीय मुलांसाठी परदेश शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या राज्य सरकारकडेही आहेत, पण पोरं गुणांवर कमी आणि कागदांवर जास्त अडतात. निकालाची वाट पाहू नका. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज या आठवड्यात तहसीलला टाका, आणि जात पडताळणी राहिली असेल तर तिचाही अर्ज पडताळणी समितीकडे टाका.