लग्नाआधी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला का?



"फादर, बाप्तिस्म्याचा दाखला घरी आहे, मग नवा कशाला?" लग्न ठरलेली मुले विचारतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (कलम ५३५) दृढीकरणाची व विवाहाची नोंदही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतच केली जाते. घरच्या जुन्या दाखल्यावर ती नसते. म्हणून सहा महिन्यांच्या आत काढलेला दाखला लागतो. व्यक्ती विवाहास मोकळी आहे का, हे त्यावरून कळते.

वधूवरांच्या मुक्त संमतीने विवाह घडतो (कलम १०५७). आधीच विवाहबद्ध असलेली व्यक्ती अशी संमती देऊ शकत नाही. तेव्हा हा कागद म्हणजे तुमच्यावरचा अविश्वास नव्हे, तुमच्या जोडीदाराचे रक्षण आहे. हॉल ठरवण्याआधी, जिथे बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामातून दाखला मागवा.

– तुमचे प्रमुख धर्मगुरू