टपालाने येणारी स्वाक्षरी

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. एका खेळाडूने चेंडू फेकावा, दुसऱ्याने बॅटने तो टोलवावा आणि मग जिवाच्या आकांताने धावत सुटावे, हे दृश्य पाहून आपल्याकडील मुलांना क्रिकेटची आठवण होते. मात्र बेसबॉलची बॅट गोल असते आणि चेंडू जमिनीवर टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो. या खेळाच्या प्रेमातून तेथे एक आगळा छंद निर्माण झाला. तो म्हणजे निवृत्त खेळाडूंना पत्रे पाठवून त्यांच्या चित्राच्या कार्डावर त्यांची स्वाक्षरी मिळवणे.

ही कार्डे आली कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तंबाखूच्या कंपन्या सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचे एक कार्ड घालू लागल्या. त्यामुळे पाकीट चेपत नसे आणि कार्डावरील खेळाडूंच्या चित्रांमुळे गिऱ्हाईकही वाढे. पुढे ही कार्डे मुलांच्या आवडत्या च्युइंगगमबरोबर मिळू लागली. 1952 साली ब्रुकलिन येथील टॉप्स या कंपनीने 407 कार्डांचा एक सुंदर संच काढला. कार्डाच्या एका बाजूस खेळाडूचे रंगीत चित्र असे आणि मागील बाजूस त्याचे जन्मस्थान, उंची, वजन व खेळातील कामगिरी दिलेली असे. मुले ही कार्डे जमवत, त्यांची अदलाबदल करत आणि मागील आकडे तोंडपाठ करत. 1957 पासून अडीच इंच रुंद व साडेतीन इंच लांब हे या कार्डांचे माप ठरून गेले.

खेळाडू मैदानात असतो तोवर त्याच्याभोवती गर्दी असते. परंतु खेळाडूचे आयुष्य लहान असते. चाळिशी गाठण्यापूर्वीच बहुतेकांना मैदान सोडावे लागते. 1950 च्या सुमारास तर खेळाडूंचे वेतन इतके बेताचे होते, की हंगाम संपल्यावर अनेकांना दुसरी नोकरी धरावी लागे. कोणी दुकानात कपडे विकी, कोणी शेती पाही. निवृत्तीनंतर असे खेळाडू आपल्या लहानशा गावी परतत आणि हळूहळू विस्मृतीत जात. अशा एखाद्या वृद्धाच्या दारातील टपालपेटीत जेव्हा अनोळखी मुलाचे पत्र पडते आणि त्यातून त्याचे स्वतःचेच तारुण्यातील चित्र बाहेर येते, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

स्वाक्षरी मागण्याची एक रीत आहे. प्रथम त्या खेळाडूविषयी माहिती मिळवावी लागते. तो कोणत्या संघातून खेळला, त्याने कोणता पराक्रम केला, हे ठाऊक नसेल तर पत्रात लिहिणार काय? मग स्वच्छ अक्षरात, हाताने, एका पानाचे पत्र लिहितात. त्यात आपली ओळख, त्याच्या खेळातील आपल्याला आवडलेली एखादी गोष्ट आणि शेवटी नम्र विनंती असते. पत्रासोबत एक किंवा दोनच कार्डे ठेवतात. कार्ड वाकू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालतात. फार मौल्यवान कार्ड कोणी पाठवत नाही, कारण ते वाटेत हरवू शकते. आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दुसरा लिफाफा. त्यावर पाठवणाऱ्याने स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले असते. ज्याच्याकडे आपण काही मागतो, त्याला खर्चात व खटाटोपात पाडू नये, हा त्यामागील विचार आहे.

यानंतर वाट पाहणे सुरू होते. काही लिफाफे दहा-पंधरा दिवसांत परत येतात, काहींना महिने लागतात, तर काही एक-दोन वर्षांनी अकस्मात दारी येतात. काही पत्रे ‘पत्ता बदलला’ अशा शेऱ्यासह परततात. कधी कार्ड कोरेच परत येते आणि सोबत घरच्या माणसाची चिठ्ठी असते, की ज्यांना तुम्ही पत्र लिहिले ते आता हयात नाहीत. अशी चिठ्ठी वाचल्यावर छंदात रमलेल्या मुलालाही कळते, की कार्डावरील चित्र तरुणच राहिले तरी माणूस मात्र थांबत नाही.

स्वाक्षरीच्या बाबतीत हार्मन किलब्रू या खेळाडूचे नाव आदराने घेतले जाते. आयडाहो राज्यातील पेयेट या लहान गावी 1936 साली त्यांचा जन्म झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, 1954 साली, ते वॉशिंग्टनच्या संघात दाखल झाले. 1961 साली तो संघ मिनेसोटा राज्यात गेला व किलब्रू तेथील लोकांचे लाडके झाले. चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणे, ज्याला तेथे ‘होमरन’ म्हणतात, ते त्यांनी 573 वेळा साधले. इतका बलदंड खेळाडू, परंतु स्वभावाने अतिशय सौम्य. ते आपले पूर्ण नाव सावकाश, स्पष्ट व वळणदार अक्षरात लिहीत. पुढे त्याच संघातील टोरी हंटर या तरुण खेळाडूची घाईघाईची स्वाक्षरी त्यांनी पाहिली. ती त्यांना वाचता येईना. तेव्हा त्यांनी त्याला समजावले, की स्वाक्षरी जपणाऱ्याला ती कोणाची आहे हे पुढेही वाचता आले पाहिजे. हंटरने आपले अक्षर सुधारले आणि ही हकीकत तो पुढे अभिमानाने सांगत असे. 2011 साली किलब्रू यांचे निधन झाले. त्यांच्या हातची सुवाच्य अक्षरे आजही असंख्य घरांत जपलेली आहेत.

या छंदाला एक काळी बाजूही आहे. जुन्या कार्डांना मोठी किंमत येऊ लागली. 1952 च्या संचातील मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड 2022 साली 1 कोटी 26 लक्ष डॉलरना विकले गेले. साहजिकच काही जण स्वाक्षरी मिळताच ती विकू लागले. एकाच खेळाडूला निरनिराळ्या नावांनी पत्रे जाऊ लागली. 1990 नंतरच्या दशकात तर एफबीआय या अमेरिकी तपास खात्याने खोट्या स्वाक्षऱ्या करून विकणारी मोठी टोळी उघडकीस आणली. याचा परिणाम प्रामाणिक मुलांनाही भोगावा लागला. काही खेळाडूंनी पत्रांना उत्तर देणे थांबवले. काहींनी शुल्क ठेवले. त्यांतील कित्येक जण ती रक्कम धर्मादाय कार्यास देतात. कोणी कार्डावर स्वाक्षरीच्या वर त्या मुलाचे नाव लिहितात. नाव लिहिलेल्या कार्डाला बाजारात कमी पैसे येतात. परंतु ज्याचे नाव त्यावर आहे, त्याला ते अधिक प्रिय होते.

स्वाक्षरी हा त्या खेळाडूचा हक्काचा वेळ असतो. तो त्याने द्यावाच, असे बंधन त्याच्यावर नाही. म्हणून जाणती मुले उत्तर न आल्यास रागावत नाहीत आणि उत्तर आल्यास आभाराचे पत्र धाडण्यास चुकत नाहीत. त्या आभाराच्या पत्रासोबत मात्र परतीचा लिफाफा नसतो, कारण या वेळी त्यांना काहीच मागायचे नसते.

स्वाध्याय

1. सिगारेटच्या पाकिटात कार्ड घालण्याची दोन कारणे सांगा.
2. पत्रासोबत दुसरा लिफाफा का पाठवतात?
3. किलब्रू यांनी तरुण खेळाडूला कोणती गोष्ट समजावली?
4. खोट्या स्वाक्षऱ्यांमुळे प्रामाणिक मुलांचे कोणते नुकसान झाले?
5. तुमच्या आवडत्या निवृत्त खेळाडूस स्वाक्षरीची विनंती करणारे पत्र सुवाच्य अक्षरात लिहा.